पारा

ब्यूनोस आयरेसमध्ये, अरेनालेस रस्त्यावर,
सात मजली इमारतीचा दरवाजा
माझे बाबा एकतीस वर्षं उघडताहेत.
खरं तर बाबा नाहीच, त्यांचा उजवा हात.
बाबा तेव्हा पेपरात फुटबॉलच्या पानावर असतात,
नाहीतर येर्बाच्या पेल्यात गरम पाणी ओतत असतात.
हात मात्र कान देऊन बसलेला.
फरशीवर चामडी तळवा वाजला
की उठतो, पितळी मुठीकडे जातो.
रबरी तळव्यांसाठी तो उठत नाही.

चौथ्या मजल्यावरच्या इरिगारायसाहेबांचं दिवाळं निघालं.
गाडी गेली, मोलकरीण गेली,
पाच महिन्यांचा देखभाल खर्च थकला,
तो हिशेब बाबांच्याच वहीत.
पण बूट तेच होते.
हाताला वही वाचता येत नाही.

आणि सहाव्यावरची ती पोरगी,
अख्खा मजला जिच्या नावावर,
फाटक्या कापडी बुटांत आली, तिनं दार स्वतःच ढकललं.
बाबांनी मान वर केली तोवर लिफ्ट निघून गेली होती.
दोन दिवस त्यांना चुटपुट.
मला दिसली कशी नाही, म्हणाले.
दिसली असणार. उठायचं की नाही
हे त्यांना विचारून ठरलं नव्हतं, एवढंच.

पहिलीत मला पांढरा डगला मिळाला.
आमच्याकडे सरकारी शाळेत सगळी पोरं तो घालतात,
आतला सदरा कुणाचा विरलाय ते दिसू नये म्हणून.
रविवारी रात्री बाबा इस्त्री करायचे,
कॉलरवर पाणी शिंपडून.
बघ यानिना, म्हणायचे, आता तू आणि डॉक्टरची पोर
एका कपाटातल्या दोन चादरी.

यंदा दुसरा पांढरा डगला मिळाला, खिशावर नाव शिवलेला.
तोही त्यांनीच इस्त्री केला, तसंच पाणी शिंपडून.
आणि हौसेनं स्वयंपाकघरात बसले, बाही वर सारून:
घे, तुझा पहिला पेशंट.

जुन्या बाजारातलं पाऱ्याचं यंत्र.
माणसाचा पारा रागानं चढतो म्हणतात.
बाबांचा अदबीनं चढला.
एकशे बावन्न.
माझ्या बोटांखाली त्यांची नाडी
स्टुलावरून ताडकन उठावं तशी उभी.
मी म्हटलं, पुन्हा बघू या.
ते म्हणाले, "डावा हात देऊ का तुम्हाला?"

तुम्हाला.

त्यांना ऐकूच आलं नाही.
पुढच्याच क्षणी, अगं मसूर उतू जातेय, म्हणाले,
आणि त्या वाक्यात मी पुन्हा त्यांची मुलगी होते.

उकडतंय म्हणून मी डगला खुर्चीवर टाकला.
आम्ही जेवलो. मांजराच्या पायाबद्दल बोललो.
मग सहज म्हणून पट्टा गुंडाळला.
एकशे अठ्ठावीस.
वहीत मी दोन्ही आकडे लिहिले.
एकापुढे "डगला".
दुसऱ्यापुढे काय लिहायचं ते सुचलं नाही.

मी काही निराळी नाही.
वॉर्डात विभागप्रमुख शिरतात
तेव्हा दार कुणीतरी धरून ठेवलेलं असतं,
आणि बघते तर ते माझ्या हातात.
त्यांचा विनोद संपायच्या आधी माझं हसू निघालेलं असतं.
काल तर विनोद नव्हताच.

पहिल्या पगारात बूट घेतले. चामडी.
रात्रपाळीहून आले, किल्लीनं दार उघडलं.
बाबा स्टुलावर पेंगत होते, पेपर गळून पडलेला.
मी एक पाऊल टाकलं.
टक्.
डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं,
आणि उजवा हात मांडीवरून उचलला गेला, बोटभर.

मी तिथेच वाकले. बूट काढले,
बगलेत धरले, आणि मोज्यांवर
थंडगार संगमरवरावरून त्यांच्या पुढून गेले.
हात परत मांडीवर टेकला होता,
तळवा वर,
बोटं अर्धी मिटलेली, मुठीएवढी जागा सोडून.